दुसरं राखाडी पाकीट

बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की मी हॉस्पिटलात 'स्किन'ला आहे. तसं खोटं नाही ते. आमच्या ओपीडीच्या दारावर जी पाटी आहे तिच्यावर पहिला शब्द 'त्वचा' असाच आहे. त्याच्यापुढे 'व गुप्तरोग' लिहिलंय, तेवढं मी बोलताना गाळते. अकरा वर्षं गाळतेय. त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या मजल्यावरच्या बायका मला वांगाचं मलम विचारतात, आणि कुणाच्या पोराला नायटा झाला की त्याची मानगूट धरून माझ्यासमोर उभा करतात. मी पण जाणकारासारखी बघते आणि सांगते, ओला टॉवेल वापरू नका.

मी डॉक्टर नाही. समुपदेशक. डॉक्टरांनी बघितलं की पेशंट माझ्या टेबलासमोर येऊन बसतो आणि जे त्यांना सांगायला लाजला ते मला सांगतो. किंवा मलाही सांगत नाही. पुरुषांचं तर विचारूच नका. एकेकाच्या तऱ्हा! कुणी म्हणतो गरम पडलंय. कुणी म्हणतो मित्राला आहे, मी त्याच्यासाठी विचारायला आलोय, आणि खुर्चीवर नीट टेकवत नाही त्याला. एकाने मोबाइलवर टाइप करून फोन माझ्यासमोर सरकवला होता आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. मी सगळ्यांना एकच सांगायचे, अहो, लाजायला काय झालं? सर्दीला लाजता का? हे मी एवढ्या ठसक्यात सांगायचे की बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जायचं. आणि संध्याकाळी घरी येऊन लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर, 'स्किनला आहे मी.'

लोकांना वाटतं की इथे आधी सगळ्या तपासण्या होतात, मग औषध. तसं नसतं. रिपोर्ट येईपर्यंत हा माणूस परत तोंड दाखवेल याचा भरवसा नाही. म्हणून रक्त घेऊन ठेवतो, एचआयव्ही आणि गरमीसाठी, म्हणजे सिफिलिससाठी, पण औषधाचं पाकीट त्याच दिवशी देतो. काय होतंय आणि काय दिसतंय, एवढ्यावर. पू येतोय, लघवीला जळजळ आहे, जुनी माणसं ज्याला परमा म्हणायची, की राखाडी पाकीट. जखम असली तर वेगळ्या रंगाचं, जांघेत गाठ असली तर आणखी वेगळं. राखाडीतल्या गोळ्या एकदाच घ्यायच्या, आमच्यासमोर, तिथल्या तिथे पाण्याबरोबर. तू कुठे गेला होतास, खरं बोलतोयस की थापा मारतोयस, याने पाकिटाचा रंग बदलत नाही. मला ही गोष्ट फार आवडायची. वाटायचं, बघा, कुणाच्या अब्रूला हात न लावता माणूस बरा होतो.

एकच गोष्ट आम्ही सोडत नाही. बायकोला घेऊन या. बायको असो, मैत्रीण असो, जी कोण असेल तिला. तिला काही त्रास नसला तरी. बाईला बरेचदा आत काही झालंय हे कळतच नाही, महिनोन्‌महिने कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आमच्या ओपीडीत शिस्त अशी, की नवऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची, बाईने स्वतः यायचं, तपासून घ्यायचं, आणि तिच्या वाटणीचं पाकीट तिच्याच हातात. नवऱ्याच्या हातात बायकोचं पाकीट द्यायचं नाही. हा नियम मी नव्या मुलींना शिकवते. बोट उगारून शिकवते.

माघ महिना होता. दुपारी बारा-साडेबाराची वेळ, गर्दी ओसरलेली. दारातून एक माणूस केसपेपर घेऊन आत आला, दोन पावलं टाकली आणि मला बघून थबकला. मी पण थबकले. आमच्या समोरच्या खोलीतला. म्हणजे माझं दार उघडलं की ज्याचं दार दिसतं तो. आमच्या मजल्यावरची सगळ्यात भली जोडी म्हणतात ना, ती त्यांची. तो एसीच्या डक्टचं काम करतो, साइट कुठे कुठे असते, दोन दोन आठवडे बाहेर. घरी असला की भजनी मंडळात पखवाज. बिल्डिंगमध्ये कुणी आजारी पडलं, कुणाचं मयत झालं, तर हा पहिला हजर. मला वहिनी म्हणतो. मी त्याला भावोजी.

"तुम्ही इथे?" तो म्हणाला.

"हो, म्हणजे, इथेच असते मी," मी म्हटलं. माझेच कान तापले. पेशंट तो होता आणि चोरी पकडल्यासारखं मला झालं होतं.

केसपेपर त्याने टेबलावर ठेवला, उलटा. मी सरळ केला. डॉक्टरांनी लिहिलं होतं तेच जे दिवसातून किती वेळा लिहितात. चार दिवसांपासून पू, जळजळ. राखाडी. मी पाकीट काढलं, गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या, ग्लास पुढे केला. त्याने माझ्याकडे न बघता गिळल्या. मी विचारायला हवं होतं, कुणाबरोबर, कधी, निरोध वापरला होता का. ते प्रश्न मी झोपेतही विचारू शकते. पण समोर भावोजी बसलेले, ज्यांच्या घरचा चहा मी काल संध्याकाळी प्यायले होते! मी नुसती फॉर्मवर टिकमार्क करत गेले. काय भरलं, देव जाणे.

शेवटी चिठ्ठी काढली. "तिला पाठवा," मी म्हटलं. "उद्या-परवा. मी असेन इथे."

तेव्हा तो बघायला लागला माझ्याकडे. डोळ्यांत पाणी. "वहिनी, एवढं नका करू. मरेल ती. एकदाच झालं, सुरतेच्या साइटवर, पोरांबरोबर पिऊन. एकदाच. तिला कळलं ना तर ती मरेल." मग आवाज आणखी खाली. "तिच्या गोळ्या माझ्याकडे द्या ना. मी देतो तिला. आजच देतो, पित्ताच्या म्हणून."

"असं नाही करता येत, भावोजी. तिला तपासावं लागतं."

"तुम्हाला काय अशक्य आहे इथे?" तो म्हणाला. आणि मग ते वाक्य, जे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "तुम्ही इथे या डिपार्टमेंटला असता, ते मी पण कुणाला बोलणार नाही. काळजी करू नका."

धमकी नव्हती हो ती. तो तसा माणूसच नाही. तो खरंच मला धीर देत होता. त्याला वाटलं, दोघांचं झाकायचं सारखंच आहे, आपण एकमेकांना सांभाळून घेऊ. आणि मला, अकरा वर्षं लाजायला काय झालं म्हणून ओरडणाऱ्या बाईला, त्या वाक्याने हायसं वाटलं. हे मला लिहिताना सुद्धा थुंकावंसं वाटतंय स्वतःवर. पण वाटलं. मी ड्रॉवर उघडला, दुसरं राखाडी पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. रजिस्टरमध्ये जोडीदाराच्या रकान्यात 'उपचार दिले' म्हणून बरोबरची खूण केली. म्हटलं, "तिला आजच द्या. आणि आठ दिवस तिच्या जवळ जायचं नाही." तो हात जोडून गेला. मला तो तिथून लवकर जायला हवा होता, बस. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली.

आठव्या दिवशी तो दाखवायला आला. डॉक्टरांनी बघितलं, साफ बरा. माझ्याकडे आला तो हसत. म्हणाला, "एकदम झकास, वहिनी. दोन दिवस पोट बिघडलं होतं तेवढंच. डोस डबल झाला ना."

"डबल कसा?"

"ते दुसरं पण मीच घेतलं. म्हटलं, जे काय असेल ते मुळापासून जाऊ दे."

"आणि ती?"

"तिला काय नाय झालेलं, वहिनी. मी विचारलं ना तिला आडून. काय त्रास नाय, काय नाय. उगाच कशाला गरम गोळ्या तिच्या पोटात घालायच्या?"

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, मी खेकसले असते. हा खरंच बायकोच्या पोटाची काळजी करत होता! मी म्हटलं, भावोजी, तिला घेऊन या, आता ऐकायचं नाही मी. तो हो हो म्हणाला. गुरुवारी आणतो म्हणाला. तो गुरुवार आला नाही. मग तो महिनाभर साइटवर गेला. मग जिन्यात भेटला की मोबाइल कानाला लावायचा. मी रजिस्टरमधली खूण खोडू शकले असते. डॉक्टरांना जाऊन सांगू शकले असते की माझ्याकडून चूक झाली. त्यांनी झापलं असतं, दोन दिवस तोंड वाकडं ठेवलं असतं, पण काहीतरी मार्ग काढला असता. मी गेले नाही. रोज ठरवायचे, उद्या. आणि रोज दार उघडलं की समोर ती. कधी रांगोळी घालताना, कधी सुकी मच्छी निवडताना.

ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मालवणकडची, घरात मालवणीच बोलते, रागावली की तर शुद्ध मालवणी. मूलबाळ नाही त्यांना. लग्नाला नऊ वर्षं झाली. सगळे उपाय करून झाले होते, मग तिने बोलणं सोडलं होतं. पण सोडलं म्हणजे आत संपतं थोडंच? कुणाच्या बारशाला गेली की परतताना माझ्याकडे येऊन बसायची, न बोलता लसूण सोलायची. आणि मला ठाऊक होतं की तिच्या पोटात काय चाललं असू शकेल. आमच्या ट्रेनिंगमध्ये चित्र दाखवतात, रोग बाईच्या गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत कसा चढतो त्याचं. ते चित्र मी स्वतः नव्या मुलींना काढून दाखवते. ती माझ्यासमोर बसून लसूण सोलायची आणि मला ते चित्र दिसायचं. मी चहा टाकायला उठायचे.

मे महिन्यात ती दोघं गावी लग्नाला जाऊन आली. आल्यावर तिचं सुरू झालं. ओटीपोटात दुखतं, कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं, मधूनच कणकण. ती म्हणायची, "उष्णता गो. प्रवासाची." सब्जा भिजवून प्यायची, धन्याजिऱ्याचं पाणी प्यायची. मी पण मान डोलवायचे, हो, उष्णताच. एकदा भांडी घासता घासता मोरीतच बसली पोट धरून. मी तिच्याच घरात होते तेव्हा. मी तिला काखेत धरून उठवलं. म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. हॉस्पिटलात. एक शब्द बोलायचा नाही."

तिला मी बायकांच्या ओपीडीत नेलं, माझ्या नाही. नवीनच लागलेली डॉक्टर होती, हुशार पोरगी, पण समोर पन्नास केसपेपर. तिने आत नेऊन तपासलं. आत हात लावताच ही एवढ्या जोरात ओरडली की मी पडद्याबाहेर दचकले. बाहेर येऊन डॉक्टर हात धुवत विचारायला लागली. पाळी, ताप, जुनं काही दुखणं. मग विचारलं, "मिस्टरांना काही त्रास? लघवीला जळजळ, पू, काही?"

"नाय हो," ती म्हणाली. लगेच. तिला तो प्रश्नच अपमानाचा वाटला. "तेंका काय एक नाय. देवमाणूस आसत." मग माझ्याकडे वळली. "ह्यांका विचारा व्हया तर. आमच्या समोरच ऱ्हवतत."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? मी पर्समध्ये रुमाल शोधला. आमच्याकडे पेशंटची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची नाही हा पहिला नियम, नवऱ्याची बायकोला तर मुळीच नाही. बरोबर आहे तो नियम, मी आजही म्हणेन बरोबर आहे. पण डॉक्टरला बाजूला घेऊन तर सांगता आलं असतं. माझ्या तोंडाला कुलूप घातलं ते काही नियमाने घातलं नाही. त्याच्यासाठी मी एक नियम मोडला होता आणि आता त्याच्यासाठीच दुसरा पाळत होते. दोन्ही वेळा मार तिलाच.

आणि खरं सांगू? डॉक्टरचं काही अडलंच नाही. ओटीपोटात दुखणं, ताप, तपासताना कळ, एवढं पुरे होतं. पिवळं पाकीट. चौदा दिवसांच्या गोळ्या. सोनोग्राफी लिहून दिली. मग तिने सरळ ड्रॉवरमधून राखाडी पाकिटाची चिठ्ठी काढली. "हे मिस्टरांसाठी. त्यांना पाठवून द्या. दोघांनी एकदमच घ्यायचं असतं, नाहीतर तुम्हाला परत होणार. आणि औषध संपेपर्यंत संबंध नाही."

"तेंका कशाक?" ती म्हणाली. "दुखता तर माका."

"तुम्हाला इन्फेक्शन आहे ना, म्हणून त्यांना पण," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या पेपरला हात घातला. कुणी कुणाला दिलं हे आम्ही बोलत नाही. संसार मोडू नयेत म्हणून असं शिकवतात. मीच शिकवते, वर्षातून दोनदा, या नव्या डॉक्टर मुलींना सुद्धा.

रिक्षात ती चिठ्ठीची घडी घालत होती, उलगडत होती. असल्फ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यापासून तेंका लागला?"

मी म्हटलं, "तसं काही नसतं गं."

"मग कसा असता?"

मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घे. नाश्ता करून घे. दूध लगेच नको. माझं तोंड चालूच राहिलं, असलं काहीबाही सांगत.

गोळ्या तिने नेमाने घेतल्या. दुखणं कमी झालं. सोनोग्राफीत एका नळीत सूज दिसली. डॉक्टर म्हणाली, पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते, आत्ताच काही सांगता येणार नाही. हे आधीपासूनचं असेल की आत्ताचं, तेही सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही. मला तेवढ्यानेही सुटल्यासारखं वाटलं नाही. माघात ती माझ्याकडे आली असती तर निदान मला तरी सांगता आलं असतं.

पण घरात काय चाललं होतं ते मला गणपतीच्या आदल्या दिवशी कळलं. गावचं घर पडल्यापासून त्यांचा दीड दिवसाचा गणपती इथे खोलीतच येतो. ती माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "उद्या मोदक तू येऊन करशीत काय गो? निवेद्याचे?"

"मी? तू करतेस की दर वर्षी. तुझ्यासारखी पारी मला लाटता तरी येते का?"

"मी नाय शिवाक देवाक. दोन महिने शिवूक नाय." तिने पदर बोटाला गुंडाळला. "तुझा चलात. तू स्वच्छ आसस."

मी म्हटलं, वेडी का गं तू, औषध घेतलंस, बरी झालीस. ती नाही नाही करत राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने आपलं ताट-वाटी वेगळं केलं होतं. कपडे वेगळ्या बादलीत. झोपायची स्वयंपाकघरात, जमिनीवर. हॉस्पिटलातून आलो त्याच दिवशी संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे चिठ्ठी ठेवली आणि त्याचे पाय धरले. "म्हटलं, माझ्यामुळे तुमका गोळये घेवचे लागतत. माका माफ करा."

"आणि ते काय म्हणाले?"

"काय एक बोलूक नाय गो. मगे म्हणाले, असांदे, होता असा. दुसरो आसतो तर माका घराभायर काढल्यान असता." तिचे डोळे भरून आले. "केवढा मन आसा तेंचा!"

मी तिच्याशी आणखी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या सकाळी सातला येते.

गेले. आंघोळ करून, नवी साडी नेसून गेले, काय सांगू! तिने नारळ खोवून ठेवला नव्हता, तेही मीच केलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसली आणि तिथून सांगत होती, गूळ आता घाल, जायफळ नको जास्त. बाहेरच्या खोलीत मूर्ती बसली होती, तो आरतीची तयारी करत होता, पखवाजाला कणीक लावत होता, मधूनच थाप मारून बघत होता. सोवळं नेसलेला. मला एकदा "या वहिनी" म्हणाला, पुन्हा बघितलं नाही.

माझ्या उकडीला चिरा पडत होत्या. ती म्हणाली, हाताक तेल लाव. मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, "एक विचारू? तू त्याच डिपारमेंटात असतस ना? माका आता कळला, त्या दिवशी जाताना तुझ्या दारावरची पाटी वाचलंय मी. माका सगळा खरा सांग. गावाक जाताना एसटी स्टँडच्या संडासात गेलंय मी, मे महिन्यात. घाण होतो, पण काय करतलंय, थांबाक येईना. हे म्हणतत, थयसूनच लागला असतला. तसाच ना गो?"

पखवाज थांबला.

आता हे मला लिहायलाच हवं. संडासातून हा रोग लागत नाही. मी रोज सांगते. माझ्या टेबलामागे भिंतीवर लिहिलंय, मीच रंगवून घेतलंय. बस स्टँडच्या संडासाची थाप मारणाऱ्या किती पुरुषांना मी तोंडावर सांगितलंय, असं होत नसतं, साहेब, खरं बोला. तिला एवढंच सांगायचं होतं. लागत नाही गं तिथून. चार शब्द. पुढचा प्रश्न तिने आपणहून विचारला असता, मग कुठून? आणि तिला हक्क होता तो विचारायचा. कुणाचीही गोष्ट न फोडता मला एवढं खरं बोलता आलं असतं. तिला तिच्या ताटवाटीसकट, त्या बादलीसकट, उंबऱ्याबाहेरून आत घेता आलं असतं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिचा चेहरा दिसत होता आणि तिच्या मागे, दारातून, त्याची पाठ. आणि मला भीती वाटली. तिने विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत होतं? त्या प्रश्नाची.

"हो," मी म्हटलं. "तिथूनच असेल. लागतं असं कधी कधी."

तिने सुस्कारा सोडला. एवढा मोठा, की खांदे खाली आले. पदराने तोंड पुसलं, हसली सुद्धा. उठून बाहेर गेली. मला इथून ऐकू आलं, "आयकलात? ही पण सांगता, संडासातनाच लागता म्हणान."

"मग?" तो म्हणाला. "मी तुका सांगूक नाय होतंय?"

पखवाज पुन्हा सुरू झाला. मी हाताला तेल लावलं आणि पुढची पारी घेतली. एकवीसपैकी अजून बारा व्हायचे होते.